पोपटचोचवाले डोंगरदिवे मास्तर

डोंगरदिवे मास्तरांच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एक केस नव्हता. उजवा हात मात्र चांगला केसाळ. शाळेत नवीन आलेलं माणूस त्या दोन हातांकडे आळीपाळीनं बघायचं, मग आमच्याकडे बघायचं. आम्ही काही सांगत नसू. आठवडाभरात आपोआप कळायचं. मास्तर खिशातून चाकू काढत, अंगठ्याच्या नखानं पातं उघडत, डाव्या हातावरून अलगद फिरवत, उडालेल्या केसांवर फुंकर मारत आणि समाधानानं म्हणत, "जागा हाय."

चाकू जागा असतो, झोपतो, रुसतो, पावसाळ्यात त्याला सर्दी होते, म्हणजे गंज चढतो, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. मी भूगोल शिकवत असे. माझ्या विषयात इतक्या गमती नव्हत्या.

पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. मी अकोल्याहून बदलून अमरावतीच्या शाळेत आले होते आणि डोंगरदिवे मास्तर तिथे बागकाम शिकवत होते. सडपातळ, उंच, पांढरा पायजमा, त्यावर खाकी शर्ट आणि शर्टाला दोन्ही बाजूंनी खोल खिसे, बायकोकडून मुद्दाम शिवून घेतलेले. चालताना ते खिसे मांडीवर आपटत. मास्तर व्हरांड्यात येण्याआधी त्यांचा खडखडाट यायचा, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल बोलणं फार सोयीचं होतं.

मास्तर चाकू जमवत. पण कुठलेही नाहीत, बरं का. कोणी हौसेनं खटक्याचा रामपुरी आणून दाखवला की ते नाक मुरडत. "थो फुशारकीचा चाकू हाय. मले कामाचा पाह्यजे." त्यांचं मन एकाच घाटावर जडलं होतं, पोपटचोच. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, तिच्यात मिटून बसणारं चार बोटं लांब पातं आणि त्या पात्याचं टोक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं. मुठीच्या दुसऱ्या टोकाला हाडाची एक चपटी जीभ. हा संत्र्याचे डोळे बांधणाऱ्यांचा चाकू. चोचीनं जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरायची, जिभेनं ती अलगद उचलायची, आत चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं आवळून बांधायचं. पुढं खालचं झाड जंबेरीचं आणि वरचं संत्र्याचं. अकोल्याच्या करीम मिस्त्री नावाच्या लोहारानं हा घाट बसवला होता आणि पातं जिथं मुठीत शिरतं तिथं तो तीन ठिपके ठोकायचा. तो गेला, पोरांनी पेट्या-ट्रंका बनवायला घेतल्या आणि पोपटचोच बनणं थांबलं. उरले ते गावोगावच्या बागवानांच्या कमरेला, नाहीतर कोनाड्यात.

तिथून मास्तर ते काढून आणत. पिशवीत नवे कोरे चाकू ठेवायचे, बाजाराच्या दिवशी चांदूर बाजार म्हणू नका, भातकुली म्हणू नका, जाऊन बसायचं आणि ज्याच्याकडे पोपटचोच दिसेल त्याला नवा देऊन जुना घ्यायचा. घेण्याआधी एकच प्रश्न, "कोनाच्या हातचा?" तो म्हणाला, आमच्या घरचा, तर मास्तर मान हलवत. "घराले हात नसते, भौ. चाकू मालकाचा नाई राहत, हाताचा राह्यते. हात कोनाचा?" मग ज्यानं तो चाकू चालवला त्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून ती मुठीला दोऱ्यानं बांधत. मी त्यांच्या घरी ते चाकू पाहिले तेव्हा त्रेसष्ट होते. त्रेसष्ट चिठ्ठ्या. तुकाराम, शेख चांद, भागाबाई, अजून कोण कोण. मला वाटलं होतं, लोखंड बघायला जातेय. प्रत्यक्षात हजेरीपट बघून आले.

त्यांच्या बायकोला, कौसल्यावयनींना, या छंदाचा ताप होता आणि त्या तो मनसोक्त व्यक्त करत. "बाई, घरात त्रेसष्ट चाकू हायेत अन् मी कांदा पावशीवर चिरून राहिली!" पावशीवर, म्हणजे विळीवर, कारण मास्तरांचा नेम होता, कांद्याला चाकू लावायचा नाही, रसानं पातं काळवंडतं. पण चाकूला आठवड्यातून एकदा काम तर पाहिजे, नाहीतर तो झोपतो. मग उपाय काय? भेंडी! दर रविवारी मास्तर सतरंजीवर सगळे चाकू मांडून बसत आणि एकेका चाकूनं एकेक भेंडी चिरत. त्रेसष्ट भेंड्यांची भाजी दोन माणसं किती खाणार? शेजारीपाजारी डबे जात. सोमवारी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही एक डबा येई. मी जन्मात इतकी भेंडी खाल्ली नव्हती. चाकू वाढत गेले तशी भाजी वाढत गेली आणि आमचे हेडमास्तर एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "डोंगरदिवे, निदान पावसाळ्यात तरी दोडक्यावर या हो."

एकदा एका गावच्या बाजारात कोणीतरी हवालदाराला सांगितलं, एक उंच माणूस पिशवीभर चाकू घेऊन फिरून राहिला. हवालदारानं मास्तरांना चौकीत नेलं आणि पिशवी उपडी केली. पडले नऊ चाकू.

"कोनाले माराले निघाला?"

"कोनाले नाई. मास्तर हाओ मी."

"मास्तराले नऊ चाकू काहून लागते?"

मास्तरांनी त्याच्या टेबलावरचं संत्रं उचललं आणि बोलता बोलता त्याची साल एकाच लांब पट्टीत उतरवली. करीम मिस्त्रीपासून जंबेरीपर्यंत सगळं सांगून झालं. तासाभरानं हवालदार उठला, मागच्या खोलीत गेला आणि आपल्या सासऱ्याचा पोपटचोच घेऊन आला. मास्तर दहा चाकू घेऊन परतले. खरं तर नऊच, एक नवा त्यांनी हवालदाराला दिला होता. हा हिशेब सांगताना ते दर वेळी चुकत आणि दर वेळी आम्ही तो पुन्हा करून घेत असू.

मूर्तिजापूरचं तर बोलूच नका. अकोल्याहून परत येताना गाडी तिथं थांबली, मास्तर पाय मोकळे करायला उतरले. फलाटावर एक म्हातारा पेरू कापत बसलेला आणि हातात काय, तर पोपटचोच. म्हातारा दारव्ह्याकडच्या छोट्या गाडीत चढला, त्याच्यामागे मास्तरही चढले. तो चाकू द्यायला कबूल होईपर्यंत गाडी कुठल्या कुठे. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या जागी सरळ लिहिलं, "चाकू." हेडमास्तर म्हणाले, अहो, हे वर कळवायचं कसं? पोटदुखी लिहा. मास्तर म्हणाले, "खोटं कायले लेहू? पोट ठीक हाय."

आता एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी एकदा पेन्सिल तासायला त्यांचा चाकू मागून घेतला आणि झाल्यावर टेबलावर ठेवला. आपल्याकडे चाकू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. समोर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. माझी आई तसंच करायची, मीही तेच केलं.

"बाई, हातात द्या," मास्तर म्हणाले.

"अहो, भांडण होतं."

"होऊ द्या नं. तुमच्यासंगं भांडाले मजा येईन."

मी हसून दिला. पुढं लक्षात आलं, ते कोणाचाही ठेवलेला चाकू उचलत नसत. बाजारात शेतकऱ्यानं पोत्यावर ठेवला तरी हात पुढं करून उभे राहत, समोरच्यानं हातात देईपर्यंत. मला तो विक्षिप्तपणा वाटला. विचारलं मात्र नाही. पुढं कौसल्यावयनींनी त्यामागचं कारण सांगितलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

इतके चाकू जमले होते, पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला तो त्यांत नव्हता. मास्तरांचे वडील गणुजी चांदूर बाजारकडच्या एका गावात आबाजी पाटलांच्या बागेत डोळे बांधत. बावीस वर्षं. चाकू पाटलांचा. सकाळी गणुजी अंगणाबाहेर उभे राहत आणि ओट्यावरून त्यांच्या पुढ्यात चाकू फेकला जाई. संध्याकाळी ते तो धुऊन दगडावर ठेवून मागे सरत. मग आतून कोणीतरी त्यावर पाणी ओतून उचलून नेई. एकदा फेकताना मूठ तडकली, ती गणुजींनी तांब्याच्या तारेनं बांधली. सगळी बाग त्यांच्या हातची. ते गेले तेव्हा त्यांच्या बोटाला त्या चाकूचा घट्टा होता आणि चाकू पाटलांच्या कोनाड्यात होता. छप्पन साली मास्तरांनी धम्म घेतला, नोकरी होती, मान होता. घरात बापाचा फोटो नव्हता. बापाची म्हणावी अशी जगात एकच वस्तू होती आणि ती दुसऱ्याच्या घरात.

"मग मागून का नाही घेत?" मी विचारलं.

मास्तर सहाणेवर पातं घासत होते. ते थांबले नाहीत. "मागतला तं देतीन, बाई. पाटील वाईट नाई. पण देतीन कसा? फेकूनच देतीन. मले फेकलेला नोको, ठेवलेला नोको. मले हातात पाह्यजे."

आणि एका हिवाळ्यात आबाजी पाटील स्वतः शाळेच्या फाटकात उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. त्यांच्या बागेला डिंक्या रोग लागला होता, झाडांच्या बुंध्यातून डिंक वाहून झाडं उभी वाळत होती. नवी पन्हेरी, म्हणजे जंबेरीची रोपं, वाफ्यात तयार होती. डोळे बांधायला माणूस हवा होता आणि त्यांना कळलं होतं, अमरावतीच्या शाळेत एक मास्तर आहेत, त्यांनी बांधलेला डोळा वाया जात नाही. मास्तर खडखडत आले. पाटलांनी नाव विचारलं.

"सुदाम डोंगरदिवे. गणुजीचा पोरगा."

पाटलांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "गणूचा? बरं झालं. म्हंजे हात थोच हाय." आणि लगोलग, "काय घेशीन?"

"तांब्याच्या तारेचा चाकू. तुमच्या हातानं."

"बस? घेऊन जाजो."

नाताळच्या सुट्टीत तीन दिवस ठरले. कौसल्यावयनी गेल्या, त्यांच्यासोबत मीही गेले. मी संत्री खायला गेले, खोटं कशाला सांगू? पण रात्रभर मलाही झोप आली नव्हती.

सकाळी विहिरीजवळ पाटील आले. कनवटीचा चाकू काढला आणि विहिरीच्या काठावर ठेवला. काळी मूठ, तिला तांब्याची तार, झिजून सोन्यासारखी लखलखणारी. "घे, सुदाम."

मास्तरांनी हात पुढं केला आणि तसेच उभे राहिले. "हातात द्या, आबाजी."

"अरे बावा, चाकू हातात देत नाईत. भांडण होते. हा रिवाज साऱ्यायचाच हाय, तुह्या-माह्यातला नाई."

आणि पाटील खरं बोलत होते, हीच तर पंचाईत! मीही तसाच ठेवला होता की. कुठला रिवाज कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हे त्या काठावर पडलेल्या चाकूकडे बघून कोण सांगणार?

मास्तर शांतपणे म्हणाले, "रिवाज मालूम हाय मले. पण आबाजी, बावीस वर्षांत माह्या बापाचं तुमच्यासंगं एकबी भांडण नाई झालं. कसं होईन? भांडाले बरोबरीचा मानूस लागते." त्यांनी हात मागे घेतला, खिशातून आपला दुसरा चाकू काढला आणि पहिल्या रोपाशी उकिडवे बसले.

त्या दिवशी अर्धी पन्हेरी झाली. चाकू काठावरच. येता-जाता मास्तरांची नजर तिकडे जायची आणि परत रोपावर यायची. वयनी चिडल्या. "उचला नं आता! इतके वर्स झाले. कोन पाहून राहिलं?" मास्तर म्हणाले, "बाप पाहून राहिला." मला काही सहन होईना. मी म्हटलं, मी उचलून देते यांच्या हातात, काय मोठं? आणि हात घातलाच होता, तर वयनींनी माझं मनगट धरलं. स्वतः चिडलेल्या होत्या, तरी धरलं. "बाई, तुमी मधात नोका पडू." मी मुकाट्यानं मागे झाले. अशा जागी चांगुलपणा करायला धावणं हा माझ्यासारख्यांचा जुना रोग आहे.

दुसऱ्या सकाळी चाकूवर दव पडलेलं. मास्तर विहिरीशी आले, वाकून बघत राहिले आणि "सर्दी होईन ना बे तुले," असं त्याला म्हणाले. मग त्यांनी वयनींकडून खोबरेल तेल मागून घेतलं, कोंबडीचं एक पीस शोधून आणलं आणि चाकूला बोट न लावता, जागच्या जागी, पात्याची पाठ, मूठ, तार, सगळ्यावरून तेलाचं पीस फिरवलं. चाकू पालथा करायला काडी वापरली. एखाद्या वस्तूला इतका जीव लावताना मी कोणाला बघितलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्या काडीमुळे हसूही आलं. ओट्यावर काठी टेकून आबाजी पाटील हे सारं बघत होते. मग आत गेले.

तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ राहिली होती. पाटील आले, वाकले, चाकू उचलला. तार अंगठ्यानं चाचपली.

"हे कोनं बांधली?"

"बापानं. फेकताना मूठ तडकली होती."

"कोनं फेकला होता?"

मास्तरांनी हातातल्या रोपाचं सोपट आवळलं.

"मीच असन," पाटील म्हणाले. "आठवत नाई मले. हेच वाईट हाय, सुदाम, आठवतबी नाई." त्यांनी काठी बगलेत धरली, एका हातानं मास्तरांचं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हातानं चाकू त्यांच्या तळव्यात ठेवला. वर बोटं मिटवली आणि ती मूठ दोन्ही हातांनी तशीच दाबून धरली. "घे. अन् आता भांड माह्यासंगं."

इतक्या चाकूंच्या गोष्टी सांगणारे मास्तर, पण ओठ नुसते हलत होते. वयनी पदर तोंडाला लावून विहिरीकडे वळल्या. मीही वळले. तेवढ्यात पाटलांचा खाकरा ऐकू आला.

"पन काहून रे, ह्या ओळीत डोये लय वर बांधले तू?"

"वर?" मास्तरांचा आवाज एकदम परत आला. "वर कुठं? जमिनीपासून वीतभर सोडून बांधले!"

"गणू चार बोटं सोडे!"

"म्हनून तं बुंध्याले डिंक्या लागला, आबाजी! माती चढली डोयापर्यंत!"

"म्हंजे तुह्या बापाची चूक?"

"बापानं तं सांगतलं होतं, वर बांधतो म्हनून! ऐकलं कोनं नाई?"

जेवायची वेळ झाली तरी दोघं त्या वाफ्यात वीत आणि बोटं मोजत होते. वयनी दोनदा बोलवून आल्या. शेवटी आम्ही दोघीच जेवलो.

डोळे सगळे धरले. तो चाकू मास्तरांनी बाकीच्यांत ठेवला नाही, चिठ्ठीही बांधली नाही, रोजच्या कामाला घेतला. आणि पाटील? महिन्यातून एकदा तरी मोटारीनं अमरावतीला येऊ लागले, म्हणे कोर्टाचं काम आहे. कोर्टाचं काम कसलं! थेट शाळेत यायचे आणि बागेत मास्तरांशी तावातावानं वाद घालायचे. हेडमास्तर एकदा सोडवायला धावले, तर दोघंही त्यांच्यावरच उखडले.

माझी पुन्हा अकोल्याला बदली झाली तेव्हा दोघंही मला पोचवायला मोटार स्टँडवर आले होते. त्यानंतर वयनींची पत्रं येत, पण मास्तरांना बघायचा योग आला नाही. ती भेट शेवटचीच. मी खिडकीत बसले, निरोपाचं चांगलंसं काही बोलावं म्हणून वाकले, तर बाकावर या दोघांचं पेटलेलं. यंदा शाळेच्या बागेत हिवाळ्यात फुलणारा आंबिया बहार धरायचा की पावसाळ्यातला मृग, यावरून. पाटील काठी आपटत होते, "मृगाच्या पावसाचा काय भरोसा?" मास्तर बोलता बोलता संत्रं सोलत होते. तांब्याची तार उन्हात चमकत होती. मोटार सुरू झाली, मी हात हलवला, कोणाचं लक्ष नाही. मास्तरांनी संत्रं मधोमध फोडलं आणि आपला मुद्दा न सोडता अर्धं पाटलांपुढं धरलं. पाटलांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मास्तरांच्या हातातून एक फोड उचलली, तोंडात टाकली, बी थुंकली आणि म्हणाले, "आंबियाच धरजो, सांगून ठेवतो."